घटपर्णीची माती

२ फेब्रु. १९९७, रविवार
मनूला सकाळी गाडीत बसवून आलो. कॉलेजची मेघालयची सहल संपवून ती इकडे आली, चार दिवस राहिली आणि पुण्याला गेली. वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ची सहल म्हणजे झाडं बघायची आणि झाडं घेऊन यायची. आणलेलं झाड माझ्याकडे ठेवून गेलीय. हॉस्टेलात जागा नाही, शिवाय पुण्याची हवा कोरडी. "सुरतची हवा कशी घामट आहे ना पप्पा, त्याला तीच लागते." सुरतच्या घामाचा कोणाला तरी उपयोग झाला म्हणायचा.

नाव घटपर्णी. पान लांबतं, टोकाला दोरीसारखं काहीतरी येतं आणि त्या दोरीला झाकण असलेला एक छोटा घट लटकतो. त्यात किडे पडतात, झाड ते पचवतं. सध्या एकच घट आहे आणि तोही प्रवासात सुकलेला. तिथल्या नर्सरीतून विकत घेतलंय, डोंगरावरून तोडायला बंदी आहे, हे मला दोनदा सांगितलं. जसा काही मी पोलीस.

माळ्यावरून माशांची काचेची टाकी काढली. मनूच्या आईच्या, शैलाच्या हौसेची. मनू नववीत असताना शैला गेली, वर्षभरात मासेही गेले, टाकी तेवढी राहिली. त्यात कुंडी ठेवायची, वर काच ठेवून थोडी फट सोडायची. मनू त्याला टेरारियम म्हणते. गाडी हलता हलता खिडकीतून ओरडली, "माती अजिबात नको हं! शेवाळ, नारळाचा काथ्या, कोळसा, काहीतरी पोकळ. प्रमाण तुम्ही ठरवा. मिलमध्ये रोज कापडाच्या रंगाच्या रेसिप्या करता ना!"

न्हाणीघरात तिच्या शाम्पूची अर्धी पुडी राहिलीय. मला टक्कल. तरी टाकवली नाही.

४ फेब्रु.
शेजारच्या जिजी टाकी बघायला आल्या. आमच्याच अमळनेरकडच्या. सुरतच्या या लिंबायतीत येऊन केस पिकले, पण बोली तीच.
"हाई काय शे भाऊ?"
"झाड आहे जिजी. मनूचं."
"माटी कुठे शे मंग?"
"माती चालत नाही त्याला. खतही नाही."
"उपाशी ठेवस का त्याले?"
म्हटलं किडे खातं. जिजींनी पदर तोंडाला लावला. "माय वं! झाड शे का राक्षस!" पण जाताना वाकून नीट बघून गेल्या.

९ फेब्रु., रवि.
एस.टी.डी. बूथवरून हॉस्टेलला फोन. तिथल्या बाई जिन्यावरून हाका मारतात, मग मनू पायऱ्या उतरून येते, तेवढा वेळ मी बूथच्या काचेवरच्या जाहिराती वाचतो.
झाडाविषयी बोललो. बराच वेळ. आमचं शैला गेल्यापासून असंच आहे, मधे एखादा विषय ठेवावा लागतो. आधी दहावीचे मार्क होते, मग ॲडमिशन, मग हॉस्टेलचं जेवण. जेवणाची आता तिला सवय झाली, तो विषय संपला. डिसेंबरात तर "बरी आहेस?" "बरी आहे. तुम्ही?" "बरा आहे" एवढ्यावर फोन ठेवले.
आता झाड आहे. हे जगलं पाहिजे. नाहीतर रविवारी ती मला काय विचारणार?

१२ फेब्रु.
पर्वत पाटियाच्या पुढे एक नर्सरी आहे, मिल सुटल्यावर तिथे गेलो. मालकाला सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काका, बधा छोड माटे एक ज माटी. लाल माटी ने छाणियुं खातर. बस." म्हणजे सगळ्या झाडांना लाल माती आणि शेणखत. मी परत समजावलं. त्याने परत तेच सांगितलं. शेवटी गुटी कलमाला बांधायचं वाळकं शेवाळ त्याच्याकडे निघालं, ते घेतलं. जबरदस्तीने एक पिशवी लाल माती फुकट दिली. जिजींच्या तुळशीला घातली, जिजी खूश.

१६ फेब्रु., रवि.
आज पुरता लॅबवाला झालो. घरात एकच झाड, त्याच्यावर प्रयोग करता येत नाहीत. म्हणून मिलमध्ये कापडाचा नमुना आधी छोट्या भांड्यात रंगवून बघतो तसं केलं. चहाचे प्लास्टिकचे कप, बुडाला भोकं, प्रत्येकात वेगळं मिश्रण.
नुसता काथ्या: पाणी धरून बसतो, दाबला तर चिखल.
नुसतं शेवाळ: छान, पण हळूहळू बसतं, मुळांना हवा कुठून मिळणार.
नदीची रेती: दोन थेंब ॲसिटिक ॲसिड टाकलं तर फसफसली. शिंपल्यांचा चुना. बाद.
कोळसा: पोकळ, स्वच्छ. पण पीएच पेपर हिरव्याकडे झुकतो, या झाडाला आंबट लागतं. थोडाच घ्यायचा.
मनू फोनवर सांगते ते पर्लाइट, हलके पांढरे दाणे, कुठे मिळेना. मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोल चुरला. दिवसभर घरात त्याचे दाणे उडतायत, एक आमटीत निघाला.
शेवटी: शेवाळ दोन, नारळाच्या सालीचे तुकडे दोन, कोळसा अर्धा, थर्माकोल अर्धा. पाणी घातलं की लगेच खाली उतरतं आणि मूठ दाबली तर ओल राहते. फोनवर सांगितलं. "पप्पा, भारी! तुम्ही आमच्या सरांपेक्षा बरे." दिवसभर चेहऱ्यावर हसू होतं, इस्त्रीवाल्यानेही विचारलं काय झालं.

१९ फेब्रु.
पाण्याचा प्रश्न होता. लिंबायतीतलं बोअरचं पाणी असं की डाळ शिजत नाही. पण आमच्या प्रोसेस हाऊससारखं सॉफ्ट पाणी आख्ख्या उधन्यातल्या मिलांत कोणाकडे नाही. रंगकामात पाणीच सगळं. पाणी जड असलं की शेड बिघडते, डाग पडतात, लॉट परत येतो. मी स्वतः रोज त्याचा जडपणा तपासतो, शून्य. तेच आणायचं. साली आणि शेवाळ त्यातच चार वेळा धुतलं.
आता रोज सायकलला कॅन लावून घरी येतो. गेटवरचा भैया म्हणतो, "साहब, अब पानी भी घर ले जाओगे?"

१६ मार्च, रवि.
नवं पान येतंय. मनूला सांगितलं. ती घाईत होती, मैत्रिणी खाली उभ्या. तरी विचारलं, घट धरतोय का? म्हटलं धरेल.

३० मार्च, रवि.
पानांच्या कडा तपकिरी. उन्हामुळे असेल. टाकी खिडकीपासून हलवली, वर ओलं गोणपाट. मनूला बोललो नाही. परीक्षा जवळ आलीय तिची.

८ एप्रिल
नव्या पानाचं टोक काळं पडलं. दोरी आलीच नाही.
कोळशावर संशय. कुंडी उपसली, कोळसा काढून टाकला, शेवाळ वाढवलं. मुळं बारीक, काळी, केसांसारखी. एकेक जपून सोडवली. शैलाचे केस विंचरून द्यायचो शेवटी शेवटी, तेव्हा हात असाच जपून चालायचा.

२० एप्रिल, रवि.
"कसं आहे?"
"छान आहे."
खोटं बोललो. तिच्या आवाजात परीक्षेचा ताण होता, हे कारण. खरं कारण मला ठाऊक आहे. झाड मरतंय म्हटलं की "अरेरे" म्हणेल, आणि मग?

४ मे, रवि.
मनू मेमध्ये येणार नाही. प्रोजेक्टचं काम, सर थांबा म्हणाले. दिवाळीला नक्की, म्हणे. मी हो म्हटलं. तिच्यासाठी कुरडया, पापड करून घेतलेत जिजींकडून, त्याचं बोललो नाही.
संध्याकाळी जिजी म्हणाल्या, "पोर कवय येई रे भाऊ?" मी म्हटलं दिवाळीला. त्या वाटीभर आमरस ठेवून गेल्या. एकट्याने आमरस खाणं हे फार वाईट काम आहे.

११ मे
परत उपसलं. आता संशय थर्माकोलवर. त्याजागी विटेचे बारीक तुकडे. पुन्हा सगळं मिलच्या पाण्यात धुतलं. झाडाला आता तीनच पानं. जिजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रोज रोज उपटशी ते कसं जगी ते? माणूस तरी जगी का?" मी चिडलो. त्यांच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं.

२७ मे
आज समजलं. लिहायलाही लाज वाटते.
दुपारी सॉफ्टनर प्लांटजवळून जात होतो. रामसिंग मिठाची गोण खांद्यावरून टाकीत रिकामी करत होता. हे मी वर्षानुवर्षं बघतोय. पाणी सॉफ्ट करणारी ती टाकी मिठावर चालते. जड पाण्यातला चुना धरायचा आणि त्याच्या बदल्यात मिठातला सोडियम पाण्यात सोडायचा, एवढंच तिचं काम. कापडाला त्याने काही होत नाही. साबणाला फेस येतो. आणि मी, ज्याने नव्या पोरांना हे फळ्यावर काढून शिकवलं, तो फेब्रुवारीपासून मनूच्या झाडाला रोज कॅन भरभरून मिठाचं पाणी पाजतोय. वर पुन्हा अभिमानाने.
रेतीला ॲसिड लावलं, कोळशाला पेपर लावला, थर्माकोलला घराबाहेर काढलं. पाणी तपासलं नाही, कारण पाणी आपलं होतं.
तिथेच पिंपावर बसलो. रामसिंग म्हणाला, "मास्टर, तबियत ठीक?"

२८ मे
गॅरेजमधून रिक्षाच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणलं. गॅरेजवाल्याला वाटलं मी गाडी घेतली, पेढे मागितले. जुनं मिश्रण सगळं फेकलं. साली नव्या, बॅटरीच्या पाण्यात दोन दिवस भिजवायच्या. शेवाळ नवं. प्रमाण पहिलंच: दोन, दोन, अर्धा, अर्धा. ते बरोबर होतं, बिचारं.

१ जून, रवि.
मनूला खरं सांगितलं. मिठाचं, कॅनचं, गेटवरच्या भैयाचं, सगळं. मला वाटलं फोन कटला. मग अशी हसली, अशी हसली, की हॉस्टेलच्या बाई मागून ओरडल्या. "पप्पा, तुम्ही त्याला लोणच्यासारखं मुरवलंत!" मग म्हणाली आई असती तर तुम्हाला महिनाभर ऐकवलं असतं. शैलाचं नाव आमच्यात किती दिवसांनी निघालं. मग तीच बोलत राहिली, आईने एकदा माशांच्या टाकीत डेटॉल टाकलं होतं ते आठवतं का म्हणून. मला नव्हतं आठवत. तिला आठवत होतं.
बूथवाला बोटाने घड्याळ दाखवत होता. दाखवू दे.
घरी येताना रडलो थोडा. चालता चालता, कोणाला कळत नाही.

८ जून, रवि.
आज लवकर ठेवला तिने. बरोबर आहे, दर रविवारी कोण हसणार.

१३ जुलै, रवि.
हात लावलेला नाही. उपसणं बंद. पत्र्यावरून पडणारं पाणी बादलीत धरतो, तेच घालतो. दोन पानं हिरवी राहिली आहेत. मनू हॉस्टेलात नव्हती. बाई म्हणाल्या लायब्ररीत.

१० ऑगस्ट, रवि.
मधून कोंब! फोनवर सांगितलं. "अरे वा." मग दुसरं काही बोलायला लागली, कुठल्या मुलाखतीचं. मी मधेच म्हटलं, कोंब लालसर आहे. "हो का?" म्हणाली. पुन्हा मुलाखतीचं विचारायला हवं होतं. राहिलं.

३१ ऑगस्ट, रवि.
पानाच्या टोकाला दोरी, दोरीला वाटाण्याएवढी फुगीर गाठ. जिजींना बोलावून दाखवली. "लोटा धरना भाऊ!" म्हणाल्या आणि टाकीसमोर हात जोडले. राक्षस म्हणणाऱ्या ह्याच. आता सकाळी रोज बघायला येतात, मेलेली माशी चिमटीत धरून आणतात. मी म्हणतो जिजी, तोंड उघडू तर द्या आधी.

१४ सप्टें., रवि.
घटाचं झाकण काल उघडलं. बोटाएवढा, हिरवा, तोंडाशी लाल कड, आत थोडंसं पाणी. कधी रविवार होतो असं झालं होतं. बूथ उघडायच्या आधी जाऊन उभा.
मी बोलायच्या आत मनूच ओरडली. "पप्पा, झालं माझं!" शिलाँगला, झाडांच्याच एका प्रोजेक्टवर, दोन वर्षं. पगारही आहे. दिवाळीआधी हजर व्हायचंय.
म्हणजे दिवाळी गेली.
अभिनंदन म्हटलं. मनापासून म्हटलं, ते तिला पोचलं की नाही ठाऊक नाही. मग झाकण उघडल्याचं सांगितलं. "वा! पण आता तुमच्या डोक्याची कटकट गेली बघा. तिथे तर माझ्या रोजच्या कामातच घटपर्णी. हे देऊन टाका कोणाला तरी."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
मग ती म्हणाली, "सोडायला याल, पप्पा? मी पुण्याहून निघेन, तुम्ही सुरतहून भुसावळपर्यंत या आणि माझ्याच गाडीत चढा. दोन-तीन दिवस गाडीत आहोतच, बोलत जाऊ. तुम्ही कधी कुठे गेलाच नाहीत."
आणि मी म्हटलं, "झाडाला पाणी कोण घालणार?"
ती "बरं" म्हणाली. फोन ठेवला.

१५ सप्टें.
काल काय बोलून बसलो मी. झाड कशासाठी ठेवलं होतं? तिच्याशी बोलायला. आणि तिने समोर बसून बोलायला बोलावलं, तर झाडाचं नाव पुढे करून नाही म्हणून मोकळा.
खरं लिहितो. भीती वाटली. बूथमध्ये एक फोन असतो, ठेवता येतो. गाडीत दोन-तीन दिवस समोरासमोर. मुलाखतीचं विचारून झालं, पगाराचं झालं, डेटॉलचं एकदा हसून झालं, की पुढे काय? तिच्या लक्षात येईल की बापाकडे बोलायला काही नाही. ते तिला पुण्याहून कळत नाही, असं मी धरून चाललोय.

१७ सप्टें.
जिजींना शिलाँगचं सांगितलं. "किती दूर शे?" म्हटलं खूप. "मंग जाय ना भाऊ. पोर बलाई ऱ्हायनी ना?" मी टाकीकडे बोट दाखवलं. त्या हसल्याच. "मी मरी गयी का? पानी मी टाकसू." म्हटलं नळाचं नको, पत्र्यावरचं धरलेलंच, कॅन भरून ठेवतो. म्हणाल्या, "इतलं समजस माले. मीठवालं पानी मी पाजं नव्हतं."
ऐकून घेतलं. बरोबर बोलल्या.

१९ सप्टें.
रजेचं साहेबांना विचारलं. सीझन आहे म्हणाले, मग म्हणाले जा, मुलगी आहे. आता कुठलं कारण उरलं नाही.
घट चांगला मोठा झालाय. आत एक मुंगी पडली. बघत बसलो. ती बाहेर येणार नाही हे बघायला मला आवडत नाही, पण बघितलं.

२१ सप्टें., रवि.
बूथच्या बाकावर बसून हे लिहितोय, डायरी सदऱ्याच्या खिशात होती.
फोन लागला. बाई म्हणाल्या मनू गरम कपडे घ्यायला गावात गेली, संध्याकाळी उशिरा येईल, उद्या पहाटे मैत्रिणीच्या गावाला, मग तिकिटं काढणार आहेत सगळी पोरं मिळून. "काही निरोप आहे का?"
घरून ठरवून निघालो होतो. रस्ताभर मनात घोकलं होतं. आणि तोंडातून निघालं, "झाड बरं आहे म्हणावं."
"बरं, सांगते." ठेवला त्यांनी.
पैसे दिले, बाहेर आलो, कोपऱ्यापर्यंत गेलो. परत आलो. आता रांगेत पुढे तिघे आहेत. एक बाई सुनेशी भांडतेय, तिचं काही लवकर संपत नाही. तोंडावर माझा भरवसा नाही, म्हणून काय सांगायचं ते आधी इथे लिहितो, आत जाऊन सरळ वाचून दाखवायचं.
मनूला सांगा, पप्पा येतायत. खोडतो. मनूला सांगा, भुसावळला कुठल्या डब्यापाशी उभा राहू ते कळव.